ॲशमीरची पाठराखीण

१

त्या जूनमध्ये कुंकवाचा करंडा आणि अक्षतांची डबी अरुणाच्या पर्समध्ये मुक्कामालाच आली होती. लेकीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं तरी बोलावणी संपायचं नाव घेत नव्हती. लंडनमधल्या पिनरपासून मेडनहेडपर्यंत जेवढी म्हणून मराठी दारं होती, तेवढ्या दारांत उभं राहून तिनं कुंकू लावलं, हातावर चार अक्षता ठेवल्या आणि "नक्की यायचं हं" म्हणून बजावलं. ईमेलवरून लग्नाचं बोलावणं करणाऱ्यांची तिला कीव यायची.

त्या शनिवारी मात्र ती आणि उल्हास ॲशमीरला निघाले होते, लग्नाचा हॉल पुन्हा एकदा बघायला. २००६चा फुटबॉल वर्ल्ड कप चालू होता. मोटारवेवर गाडीगाडीला इंग्लंडचे झेंडे फडफडत होते आणि उल्हास गाडी चालवता चालवता व्याख्यान देत होता. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाल्यापासून त्याला जुन्या इमारतींचं वेड लागलं होतं. ॲशमीरची माहितीपुस्तिका त्यानं तीनदा वाचली होती, आणि अरुणानं तीनदा ऐकली होती.

"तो लॉर्ड वयाच्या बाविसाव्या वर्षी इटलीला गेला. व्हेनिसच्या मागे सपाट मुलूख आहे, तिथे एका सरदार घराण्याचा व्हिला बघितला आणि येडाच झाला. घरी येऊन म्हणाला, मला डिट्टो असाच पाहिजे. तीनशे वर्षं होतील आता."

"त्याच्या आईनं ऐकलं असणार."

"आणि गंमत काय माहितीये? तो व्हिला म्हणजे मुळात शेतघर! व्हेनिसवाल्यांचा समुद्रावरचा धंदा बसायला लागला, तेव्हा त्यांनी जमिनी घेतल्या. तळाला स्वयंपाकघर, वर धान्याची कोठारं आणि मधल्या मजल्यावर मालक. उन्हाचा ताप नको म्हणून चारी बाजूंना खांबांच्या ओसऱ्या."

"आणि बर्कशरमध्ये ऊन कुठाय?"

"नाहीच ना! म्हणून तर तीनशे वर्षं इथे चारी बाजूंनी वारा येतो."

तरी घर होतं मात्र देखणं. टेकाडावर पांढरं, चौकोनी, कुठूनही बघितलं तरी सारखंच. चार बाजूंना चार जिने, प्रत्येक जिन्याच्या माथ्यावर सहा खांब आणि मधोमध घुमटाखाली गोल दिवाणखाना. या दिवाणखान्यात ऋजुता बोहल्यावर चढणार या कल्पनेनंच अरुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. उल्हासनं लगेच कॅमेरा काढून छताचे फोटो घ्यायला सुरुवात केली आणि मागे मागे सरकत तो एका दाराला टेकणार, एवढ्यात पाठीमागून कोणीतरी स्वच्छ मराठीत म्हणालं, "अहो साहेब, त्याला टेकू नका. ते दार नाही, चित्र आहे."

उल्हासचा कॅमेरा पडता पडता राहिला. मागे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई उभ्या होत्या. राखाडी कार्डिगन, छातीवर गाईडचा बिल्ला आणि डोळ्यांत मिश्कील हसू.

"मी बथशेबा, बेने इस्रायली. माझं माहेर अलिबागजवळचं, नवगाव. मग भायखळा, मग लंडन. बावीस वर्षं इथे गाईड आहे, पण या घुमटाखाली मराठीत वाद घालणारं जोडपं आज पहिल्यांदा ऐकलं. बरं वाटलं हो."

मग काय, अरुणाला आभाळ ठेंगणं झालं. गप्पा मारत मारत बथशेबाबाईंनी लग्नाचे नियम वाचून दाखवले. हळद भिंतीपासून दोन मीटर लांब, होम झाकणाच्या कुंडात आणि तांदूळ अजिबात नाहीत, कारण उंदीर येतात. अक्षतांऐवजी गुलाबाच्या पाकळ्या.

"आणि हे चित्रातलं दार कशाला?" अरुणानं विचारलं.

"दोन्ही बाजू सारख्या हव्यात ना. समोर खरं दार आहे, म्हणून इथेही दार. मागे खोलीबिली काही नाही, नुसती भिंत. लॉर्डनं इटलीहून चितारी आणला होता, त्याची करामत."

चित्रातलं दार अर्धवट उघडं होतं. त्यात डोक्याला पांढरी टोपी बांधलेली, निळ्या झग्यातली एक बाई उभी होती. एक हात दाराच्या कडेवर, दुसरा मोकळा, आणि चेहरा असा, की आत यायला कोणी सांगतंय का याची वाट बघत असावी. ती कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

अरुणाला ती बघून उगीचच निधी आठवली. निधी म्हणजे तिची पुण्यातली भाची. ती लग्नाला येऊन पाठराखीण म्हणून ऋजुताबरोबर एडिनबराला जाणार होती. पण तिची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली. आता ऋजुता एकटीच जाणार. जावई अपूर्व तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, त्याच्या ड्यूट्यांना काळवेळ नाही, आणि ऋजुताची नोकरी सप्टेंबरनंतर. सत्तावीस वर्षं पिनरच्या भरल्या घरात राहिलेली पोर. लहानपणी आई दुकानात गेली तरी रिकामं घर तिला खायला उठायचं, ती जिन्यावर येऊन बसायची. अरुणाला सगळ्या लग्नात एवढीच एक काळजी होती, पण ती घशात अडकलेल्या काट्यासारखी सलत होती.

"यांना तरी कोण बोलावणार," असं म्हणून तिनं हसत हसत करंडा उघडला. कुंकवाचं बोट चित्राकडे हवेतच धरलं, नियम मोडून चार अक्षता चौकटीच्या पायाशी ठेवल्या आणि नेहमीच्या सुरात म्हणाली, "लेकीचं लग्न आहे. नक्की यायचं हं. आणि तिच्याबरोबर पाठराखीण म्हणून जायचं. पोरीला एकटं सोडायचं नाही."

उल्हास खो खो हसला. बथशेबाबाईही हसल्या, पण जरा उशिरा.

२

चार दिवसांनी अरुणा बेसन भाजत होती, तेव्हा फोन वाजला.

"अरुणाबाई, ते दाणे तुम्ही जाताना उचलले होते का?" बथशेबाबाई विचारत होत्या.

"नाही हो. चुकलंच माझं. उंदरांनी खाल्ले का?"

"तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांत मी सुपली घेऊन आले. तेव्हाच नव्हते. म्हटलं, तुम्हीच उचलले असतील. आणखी एक. हसू नका. ती चित्रातली बाई आहे ना, तिचा मोकळा हात मी रोज बघते. आज मूठ मिटलेली वाटली."

अरुणा हसलीच. "उजेडामुळे वाटलं असेल."

"हो ना. चष्म्याचा नंबरही वाढलाय माझा."

फोन ठेवून तिनं उल्हासकडे त्या दिवशीचे फोटो मागितले. पठ्ठ्यानं दोनशे चौदा फोटो काढले होते आणि सगळे छताचे. एकात कोपऱ्यात निळ्या झग्याचं कोपर तेवढं आलं होतं. "चित्रं काय कुठेही असतात, असा घुमट नसतो," असं त्यानं वर ऐकवलं. तेवढ्यात बेसन करपल्याचा वास आला आणि तो विषय तिथेच राहिला.

३

लग्न असं झालं, की पुढे सहा महिने मेडनहेडला त्याच्याच गप्पा चालल्या. ऊन कसं लख्ख पडलं होतं! उल्हासनं जातीनं सर्व पाहुण्यांना चारही ओसऱ्या दाखवल्या आणि जेवण पाऊण तास लांबवलं. भटजी लेस्टरहून आले होते. त्यांनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं तेव्हा घुमटानं ते असं झेललं, की ते स्वतःच दचकून वर बघायला लागले. अपूर्वचे स्कॉटिश मित्र जरीच्या फेट्यांत घाम पुसत होते आणि वाढलेली प्रत्येक जिलबी संपवत होते. अरुणा इतकी हसली, की तिचे गाल दुखायला लागले.

चित्रासमोर फुलांची मोठी कमान उभी केली होती. त्यामुळे तिकडे बघायची वेळच आली नाही.

सप्तपदीच्या आधी ऋजुताच्या नऊवारीच्या निऱ्या सुटायला लागल्या. होमाच्या पलीकडून अरुणाला ते दिसलं. पण तिला पोचता येण्याआधीच निऱ्या सरळ झाल्या, चापून चोपून, आणि ऋजुता निवांत चालायला लागली. सकाळपासून पांढरा पडलेला तिचा चेहरा एकदम खुलला.

"थँक्स आई," फोटोंच्या वेळी ती आपल्या विलायती मराठीत कानात म्हणाली. "माझा साडी पडणारच होता. पण तुझा हात एवढा गार का होता गं?"

"मी समोर होते, राणी. मंजिरीमावशी असेल."

मंजिरीला विचारलं, तर ती तेव्हा खाली स्वयंपाकघरात मठ्ठ्याला फोडणी देत होती. शंभर बायका होत्या मांडवात. कोणीतरी असेलच, असं अरुणानं स्वतःला बजावलं. लेकीच्या निऱ्या सावरणारीचे हात गार होते म्हणून कोणी चौकशी करत बसतं का?

४

संध्याकाळी पाचाला पाठवणी झाली. पश्चिमेच्या जिन्यावर सगळे जमले. अरुणानं रडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ती पोटभर रडली. अपूर्वचा मित्र परीक्षित गाडी चालवणार होता. मागच्या सीटवर नवरानवरी बसली. गाडी वळली तेव्हा परीक्षितच्या शेजारच्या सीटवर पांढरं काहीतरी डोक्याला बांधलेली एक बाई ताठ बसलेली अरुणाला दिसली. मांडीवर ऋजुताची शिदोरीची टोपली होती.

"बरं झालं बाई, कोणीतरी सोबत आहे," असं तिच्या मनात आलं आणि काळजावरचा धोंडा उतरला. खरं सांगायचं तर त्या दिवसातला सगळ्यात मोठा आनंद तिला त्या क्षणी झाला. गाडी फाटकाबाहेर गेली, लोक पांगले, आणि मग तिला प्रश्न पडला, की कोण सोबत आहे?

"परीक्षितच्या शेजारी कोण बसलं होतं हो?"

"आहेराचा मिक्सर," उल्हास म्हणाला. "मीच ठेवलाय. बेल्टही लावलाय."

ती दिवाणखान्यात आली तेव्हा फुलांची कमान उतरवलेली होती. बथशेबाबाई चित्रासमोर उभ्या होत्या, दोन्ही हात कार्डिगनच्या खिशात घालून. चित्रातलं दार बंद होतं. निळा झगा नाही, टोपी नाही. फक्त बंद लाकडी दार, त्याची पितळी कडी आणि त्या सगळ्यावर तीनशे वर्षं जुन्या रंगाच्या बारीक भेगा.

"उन्हाची तिरीप आहे," उल्हास म्हणाला. तो दोन पावलं डावीकडे गेला, दोन उजवीकडे गेला. या दाराबद्दल काय छापलंय ते बघायला त्यानं माहितीपुस्तिका काढली आणि न उघडताच परत खिशात ठेवली.

"तुमची पाठराखीण किती दिवस राहते?" बथशेबाबाईंनी हळूच विचारलं.

"चार-आठ दिवस. मुलगी रुळली की तिची ओटी भरून परत पाठवायची."

"मग आठवणीनं पाठवा हो. मी या दारावर लक्ष ठेवते."

५

एडिनबराहून दर रविवारी सकाळी फोन यायचा. अरुणा रडक्या आवाजाची तयारी करून बसायची आणि पलीकडून यायचं हसू.

"आई, फ्लॅट एकदम मस्त आहे! किचनमधून कासलचा टोक दिसते. मला वाटलेलं, मी वेडी होईन एकटी. पण एकटं वाटतच नाही गं. आय डोन्ट नो व्हाय."

दुसऱ्या रविवारी कळलं, की अपूर्व घराला हॉटेल म्हणतो. चादरींच्या घड्या सुरीनं कापल्यासारख्या आणि चमचे आरशासारखे. "तू करतेस हे?" अरुणानं विचारलं. पिनरला या मुलीनं स्वतःचा टॉवेल कधी वाळत घातला नव्हता. "मीच करत असणार ना," ऋजुता हसून म्हणाली. तिसऱ्या रविवारी ती गुणगुणत होती. चाल अनोळखी होती, गोड होती. कुठे ऐकली ते तिला सांगता येईना.

लेक सुखात होती. अरुणाला देवापुढे साखर ठेवावीशी वाटायची आणि त्याच वेळी हातपाय गार पडायचे. ही दोन्ही एकाच जिवाला कशी होतात, ते तिलाच कळत नव्हतं. आपण म्हातारपणी खुळावलो आहोत, असं ती स्वतःला सांगायची. पण बथशेबाबाईंचाही दर सोमवारी फोन यायचा, आणि त्या फक्त "बंदच आहे" एवढंच सांगायच्या.

पाचव्या आठवड्यात तिनं नारळ घेतला, हिरवा खण काढला, तांदूळ आणि सुपारी पिशवीत भरली आणि एडिनबराची गाडी पकडली.

६

तीन जिने चढून गेल्यावर ऋजुतानं दार उघडलं आणि अरुणाला मिठी मारली. पोरगी अंगानं भरली होती, चेहरा टवटवीत होता. घर उन्हानं भरलेलं होतं. अपूर्व सकाळीच ड्यूटीवर गेला होता, आठला येणार होता. टेबलावर चहाचे दोन कप होते. एक रिकामा, एक भरलेला आणि थंड.

"अपूर्वचा?"

"तो घाईत असतो. असेल." ऋजुता सोफ्यावर बसली, एका टोकाला, शेजारी एका माणसाची जागा सोडून. अरुणा त्या जागेवर बसणार होती, पण का कोण जाणे, खुर्ची ओढून बसली.

ऋजुता दूध आणायला खाली गेली तेव्हा अरुणानं कामाला हात घातला. टेबलावर खण पसरला. त्यावर नारळ, तांदूळ, सुपारी ठेवली, शेजारी करंडा उघडून ठेवला. सुनं घर होतं. घड्याळ टिकटिकत होतं आणि खालून बसचा आवाज येत होता. भिंतीतल्या कपाटाचं दार थोडं उघडं होतं. बोलताना आपल्याला लाज वाटेल असं तिला वाटलं होतं, पण तिनं त्या दाराकडे बघून हात जोडले.

"लेक रुळली. फार केलंत तिच्यासाठी, मी विसरणार नाही. आता तुम्ही आपल्या घरी जायचं."

कपाटाच्या दाराच्या कडेवर चार बोटं होती. फिकट, लांब, बाहेरच्या बाजूनं वाकलेली. अरुणानं ती नीट बघितली असं तिला पुढे कधीच म्हणता आलं नाही. बोटं आत गेली आणि दार हळूच बंद झालं.

ऋजुता परत आली तेव्हा अरुणा खिडकीपाशी उभी राहून कासलच्या टोकाकडे बघत होती. चहा उकळला, गप्पा झाल्या. टेबलाकडे बघायला अरुणाला धीर होईना. मग बघितलं, तर टेबल मोकळं होतं. नारळ नाही, खण नाही, तांदळाचा एक दाणा नाही.

घेतली ओटी! म्हणजे गेली! अरुणाला इतकं हलकं वाटलं, की तिनं लेकीच्या गालांचे मुके घेतले, तिच्यासाठी पाटवड्या केल्या, गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ती दोनच्या गाडीत बसली तेव्हा स्वारी अगदी खुशीत होती.

७

बेरिकजवळ समुद्र लागला. निळं पाणी, त्यावर ऊन, किनाऱ्यावर मेंढ्या. अरुणानं डोळे मिटले, आणि गाडी न्यूकासलच्या पुलावर खडखडली तेव्हाच जागी झाली.

समोरच्या म्हाताऱ्या बाईनं हातरुमाल पुढे केला. "डिअर, तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय."

अरुणानं बोट लावलं. बोट लाल झालं. ती सकाळी टिकली लावून निघाली होती. आता खिडकीच्या काचेत टिकलीवर मोठं, ओलं कुंकू दिसत होतं, जरासं डावीकडे गेलेलं, कुंकू लावायची सवय नसलेल्या बोटानं लावल्यासारखं.

पिशवी पायाशी होती. स्टेशनवर ती जड लागली होती. तेव्हा वाटलं, लेकीनं डबा भरून दिला असेल. तिनं चेन उघडली. डबा होताच. त्याच्या खाली हिरवा खण होता, नीट चौघडी करून, कडा सुरीनं कापल्यासारख्या. खणात नारळ होता, कुंकवाचा करंडा होता, सुपारी होती आणि मोजून घेतल्यासारखे सगळे तांदूळ होते. एक दाणा कमी नव्हता.

ओटी कोणाची भरतात? जी घर सोडून निघते तिची. पाहुणीची.

अरुणाचा हात पिशवीतच राहिला. तिकडे परत जावं, ऋजुताला हाताला धरून खाली आणावं, अपूर्वला ड्यूटीवरून बोलवावं, असं सगळं एकदम मनात आलं. पण सांगणार काय? मुलगी सुखात आहे, घर चकचकीत आहे आणि तिला एकटं वाटत नाही, हे सांगून पोलीस बोलवायचे? तिला एकटं सोडायचं नाही, असं तर तिनं स्वतःच सांगितलं होतं, कुंकू लावून, अक्षता देऊन.

फोन वाजला. ऋजुता होती, आणि मागे कपबश्या किणकिणत होत्या.

"आई, झोपली होतीस ना? खाऊन घे हं डबा. आम्ही आत्ता चहाला बसलो."

अरुणानं घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते आणि अपूर्व आठपर्यंत हॉस्पिटलमध्ये होता. फोनमध्ये कोणीतरी ती अनोळखी चाल हळू आवाजात गुणगुणत होतं, आणि ऋजुता बोलत होती.

इतकी आनंदी ती लहानपणीही कधी वाटली नव्हती. अरुणानं डोळे पुसले.

"घ्या चहा निवांत," ती म्हणाली. "आणि तिला म्हणावं, ओटी मिळाली."

"सांगते," ऋजुता म्हणाली. कोणाला, ते तिनं विचारलं नाही.